तिच्या वाटणीचं आमेन : सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

"मावशी, प्रार्थना तुम्ही करा. मी आमेन म्हणणार नाही."

२०२१ चा सप्टेंबर होता. सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर पुराची मळकट रेघ, कोपऱ्यात गंजलेली शिलाई मशीन आणि चटईवर बसलेली एक्केचाळीस वर्षांची बाई. आमच्याच ख्रिस्ती मंडळीतली, दर नाताळला संडे स्कूलच्या पोरांचं नाटक बसवून देणारी. मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती. ती तशीच अर्धवट राहिली.

मी मिरजेत तीसेक वर्षं नर्सचं काम केलं. निवृत्त झाल्यापासून मंडळीतर्फे आजाऱ्यांच्या आणि दुःखातल्या माणसांच्या घरी जाते. असं जाणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. तिनं ते आधी वाचलं, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आणि नाव न घालण्याच्या अटीवर होकार दिला. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काय काय गेलं

सांगलीकर पूर फुटांत मोजतात. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" १९२९ सालच्या त्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, याच्या वर काही जात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं.

ती घरातल्या पुढच्या खोलीत ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला होते, म्हणजे पाणी आलं ते ऐन कामाच्या दिवसांत. इथला पूर लोंढ्यानं येत नाही. आधी गटारी उलट्या वाहू लागतात, मग नाला फुगतो, मग उंबऱ्याशी पाणी दिसतं आणि तोवर रात्र झालेली असते. तिनं म्हाताऱ्या सासूला आणि पोराला बाहेर काढलं. गिऱ्हाइकांचे कपडे मात्र राहिले. पाणी ओसरल्यावर कपाटातून निघालेले ब्लाउजपीस तिनं गटारगाळासकट धुऊन पाहिले, एकही वापरण्याजोगा नव्हता. स्वतःचं गेलेलं माणूस सोसतं. दुसऱ्याचं गेलेलं रोज दारात उभं राहतं. तिनं दीड वर्ष शिवण करून एकेकीचं कापड भरून दिलं.

ते फिटत आलं तोवर २०२१ चा मे उजाडला. नवरा मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांचा टेम्पो चालवायचा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत अकरा दिवसांत गेला. रुग्णालयात भेट नाही, चेहरा दाखवला नाही. आमच्या दफनभूमीत पीपीई घातलेल्या चौघांनी पेटी खाली सोडली. तिला आणि पोराला फाटकाबाहेर, भिंतीपाशी उभं केलं होतं. पाळकसाहेबांनी दुरूनच चार ओळी वाचल्या. त्या तिला ऐकूसुद्धा आल्या नाहीत.

आणि जुलैत पुन्हा पाणी. या वेळी ५४ फुटांच्या पुढे. नवीन घेतलेली मशीन गेली, पिको-फॉलचं यंत्र गेलं, आणि लोखंडी पेटीतले नवऱ्याचे कपडे गेले. या तिसऱ्या गोष्टीबद्दल मला तिनं कितीतरी महिन्यांनी सांगितलं.

आमच्या चुका, आणि त्यात माझी

पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती खराट्यानं गाळ ओढत होती. मी पिशवीतून बायबल काढलं आणि ४६ वं स्तोत्र वाचलं. देव आमचा आश्रय आहे, समुद्राचं पाणी गर्जलं, खवळलं तरी आम्ही भिणार नाही, असं ते स्तोत्र. मला वाटलं, पुराच्या घरात याहून योग्य वचन कोणतं! ती खराटा ओढत राहिली. वाचन संपल्यावर म्हणाली, "मावशी, जरा पाय उचला." माझ्या पायाखालचा गाळ तिला काढायचा होता.

हे मी माझी चूक म्हणून नोंदवते. स्तोत्रात खोट नाही, ते मी आजही जवळ धरते. पण मी ते वाचलं माझी घालमेल थांबावी म्हणून. तिला त्या घडीला दुसरा खराटा धरणारं कोणीतरी हवं होतं.

इतरांचंही फार वेगळं नव्हतं. कोणी म्हणालं, देवाची इच्छा. कोणी म्हणालं, जे होतं ते भल्यासाठीच. एका बाईनं विचारलं, घरात काही लपलेलं पाप आहे का, आठवून बघ. बायबलातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते चांगलेच मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. आमच्यातल्या कोणाला सात मिनिटंही गप्प बसवलं नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते फोनवरच्या एका प्रार्थना करणाऱ्याचं. कुठूनतरी नंबर मिळवून त्यानं तिला सांगितलं, "विश्वासाचं बी पेरा, देव दुपटीनं देईल." मदतीच्या पैशांतले दोन हजार तिनं त्याला पाठवले. पुढच्या महिन्यात त्यानं पुन्हा मागितले. त्या रात्री तिनं बायबल कपाटावर टाकलं. पुढे कितीतरी महिने ते तिथंच होतं. ख्रिस्ताच्या नावानं विधवेच्या पदरातलं असं काढून घेणाऱ्यांबद्दल त्यानं स्वतःच किती कठोर शब्द वापरलेत ते शुभवर्तमानात लिहिलेलं आहे. मी त्यात भर घालत नाही.

आधी भाकरी आणि झोप

"आमेन म्हणणार नाही" हे ऐकल्यावर मी बायबल मिटलं आणि नर्स झाले. झोप किती? दोन तास. जेवण? आत्याबाई, म्हणजे सासूबाई, वाढतात म्हणून. वजन उतरलं होतं, केस विंचरलेले नव्हते. मग सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का गं?" असं विचारलं की तोच विचार डोक्यात घातला जाईल, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं माणसाला बोलायला वाट होते. ती म्हणाली, "येतं. पोराकडं बघते अन् थांबते."

दुसऱ्या दिवशी तिला मिरजेच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. नातेवाइकांत कुजबुज झाली की विश्वास कमी पडला म्हणून गोळ्या लागल्या. मला राग आला, तो मी लपवला नाही. आमच्या मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशनचं वैद्यकीय काम उभं केलं. प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली नांदवणाऱ्यांची आम्ही लेकरं. मोतीबिंदू काढताना विश्वास कमी पडत नाही, मग मनाच्या दुखण्यालाच का पडावा? या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात हे घरच्यांना आधी सांगावं लागतं, नाहीतर आठव्या दिवशी डबी खिडकीत पडते. आता १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तेव्हा ती सोय नव्हती.

मंडळीच्या महिला मंडळानं डब्याच्या पाळ्या लावल्या. शाळूच्या भाकरी, आमटी, कधी पिठलं, खरडा. मी सगळ्यांना एकच अट घातली होती, डब्याबरोबर बायबलचं वचन द्यायचं नाही. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूतानं त्याला शिकवण दिली नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. तो जेवून पुन्हा निजला, तर पुन्हा उठवून जेवू घातलं. बोलणं पुढे चाळीस दिवसांच्या वाटेनंतर झालं. हा भाग मी कितीदा तरी वाचला होता. वेळापत्रक म्हणून पहिल्यांदा वाचला.

चौघी

ऑक्टोबरपासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघी तिच्याकडे जाऊ लागलो. ठरवून चौघी. मार्काच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात चार माणसं एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. तिथं लिहिलंय, येशूनं *त्यांचा* विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस एक शब्दही बोललेला नाही. तो विश्वास ठेवून होता की चिडलेला होता, की त्याला यायचंच नव्हतं, काही सांगितलेलं नाही.

मला या प्रकरणातून जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आहे. आशा ही प्रत्येकानं आपापल्या छातीत पेटती ठेवायची वस्तू आहे, असं आपण धरून चालतो, आणि जिची विझली तिला आणखी अपराधी करतो. शुभवर्तमानात ती खाटेसारखी आहे. चौघांनी चार कोपरे धरले की आतल्यानं काही धरावं लागत नाही.

तिला सांगितलं, "तू प्रार्थना करू नकोस. आमेनही म्हणू नकोस. तुझ्या वाटणीचं आम्ही म्हणतो." ती भाजी निवडत बसायची. आम्ही तिच्या पोराचं, आत्याबाईंच्या गुडघ्यांचं, हप्त्यांचं नाव घेऊन थोडं मागायचो, अन् उठायचो. वीस मिनिटं. कधी ती आत निघून जायची. आम्ही दुखावून घेतलं नाही, हे लिहायला सोपं आहे. आमच्यातली एक दोन गुरुवार आली नाही, तिला ते अपमानासारखं वाटलं. मग परत आली.

नोव्हेंबरच्या शेवटी मी विचारलं, एक वाचू का? बरं करणारं नाही, नुसतं वाचते. ती काही बोलली नाही. मी ८८ वं स्तोत्र काढलं. आपल्या उपासनांत ते क्वचितच वाचलं जातं. १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत, पण बहुतेक विलाप शेवटाकडे वळण घेतात, "तरी मी तुझं स्तवन करीन" म्हणतात. हे वळत नाही. तू आपल्या सगळ्या लाटा माझ्यावर लोटल्यास, माझ्या माणसांना माझ्यापासून दूर केलंस, असं म्हणत म्हणत ते अंधारात संपतं.

लाटा ऐकल्यावर तिचा हात भाजीत थांबला. माणसांना दूर केलंस, इथं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हे बायबलात हाय?"

"आहे."

"शेवटी काहीच बरं होत नाही की हो ह्यात."

"नाही होत."

"परत वाचा."

मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ती रडली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा, असं आत्याबाईंनी नंतर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तिनं मला मापाची वही दाखवली. पुढच्या पानांवर छाती, कंबर, बाहीची मापं आणि उलट बाजूनं देवाला लिहिलेल्या तक्रारी. त्या खाजगी आहेत. तिच्या परवानगीनं एकच देते: "मला भिंतीपलीकडं का उभं केलंस? मूठभर माती तरी टाकू द्यायची होतीस."

आत्याबाई घाबरल्या. "देवाला असं बोलू नये गं बाई." म्हातारीला ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची गीतं तोंडपाठ. तेव्हा मी तिला टिळकांच्याच वाटेनं नेलं. नारायण वामन टिळकांची अखेरची वर्षं इथं जवळच, साताऱ्यात गेली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणाशी आलो असं ते म्हणत. आणि तुकोबा दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर विठोबाशी काय कमी भांडले? ज्याच्याशी नातं उरलेलं नसतं त्याच्याशी कोणी भांडत नाही. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "लिही. माझं बी एक लिही त्यात. माझ्या आधी त्याला का नेलं, म्हणावं."

मूठमाती

वहीतल्या त्या ओळीवरून पुढचं सुचलं. पाळकसाहेबांना मी ती सांगितली, तिला विचारूनच. ते म्हणाले, मग माती देऊ या. जानेवारीत कोविडची तिसरी लाट होती म्हणून थांबलो, आणि २०२२ च्या फेब्रुवारीअखेर, नऊ-दहा महिन्यांनी, तिच्या नवऱ्याचा अंत्यविधी केला. पहिल्यापासून, पूर्ण. घरून निघताना प्रार्थना, वाटेत गायन, कबरेशी वाचन. शेजारच्या हिंदू बाया आल्या, यार्डातले हमाल आले, टेम्पोचे मालक आले. ज्यांचे ब्लाउजपीस पुरात गेले होते त्यांतल्याही दोघी होत्या.

पाळकसाहेबांनी पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तो भाग वाचला, ज्यांना आशा नाही अशांसारखा तुम्ही शोक करू नये. हे वचन मी शेकडो घरांत शोक आवरण्यासाठी वापरलेलं ऐकलंय. ते म्हणाले, पौल शोक करू नका असं सांगत नाही, शोक कोणत्या जातीचा असावा ते सांगतो. पुनरुत्थानाची आशा असलेल्या माणसालाही रडायला मुभा आहे, आपला मित्र लाजर याच्या कबरेशी प्रभू स्वतः रडला. आपण लाजराला जिवंत उठवणार हे त्याला तर ठाऊक होतं.

"मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ" म्हणताना तिनं मूठ भरली. बराच वेळ उघडली नाही. कोणी घाई केली नाही. पोरानं आपली मूठ तिच्या मुठीखाली धरली आणि दोघांनी मिळून टाकली.

त्या दिवशी ती आमेन म्हणाली का, हे मला विचारतात. मला माहीत नाही. शंभरेक माणसं एकदम म्हणाली, त्यात तिचं होतं की नव्हतं ते मी कान देऊन ऐकलं नाही.

पुढचं, थोडक्यात

कोविडमध्ये गेलेल्याच्या वारसाला मिळणारे ५०,००० रुपये मिळाले. ऑनलाइन अर्ज आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त कारकुनानं भरला. हे काम प्रार्थनेइतकंच महत्त्वाचं आहे, आणि प्रत्येक मंडळीत ते जाणणारा एक तरी माणूस असावा. मंडळीच्या मदत निधीतून जुनी पण चालू मशीन घेतली. तिनं दान म्हणून घ्यायला नकार दिला. दरमहा पाचशे रुपये अर्पणाच्या पाकिटात घालून फेडले, पाकिटावर "मशीन" असं लिहून. पोरगा दहावी झाला. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत सव्वा वर्षानं थांबवल्या. बायबल कपाटावरून कधी उतरलं ते तिलाही आठवत नाही. आत्याबाईंनी धूळ पुसताना खाली घेतलं असावं.

सगळं जुळलं असं नाही. ऑगस्ट आला की तिची झोप उडते. २०२४ च्या जुलैत पाणी पुन्हा ४० फुटांच्या आसपास आलं, तेव्हा तिनं रात्रीत मशीन शेजारच्या माडीवर चढवली आणि गिऱ्हाइकांचे कपडे पिशव्यांत भरून, नावांच्या चिठ्ठ्या लावून, ज्याचे त्याला पोचवले. मला फोन केला, "मावशी, आयर्विनला एकोणचाळीस. गुरुवारची माणसं इकडं येऊ नका, आम्हीच तिकडं येतो." चौघी आता सहा झाल्यात. त्यांत ती आहे. पाप आठव म्हणणाऱ्या त्या बाईच्या घरी यंदा मुलगा गेला, तिथंही ती आमच्याबरोबर जाते. जास्त बोलत नाही. पहिल्या दिवशी तिनं त्यांच्या मोरीतली भांडी घासली.

एक गीत आहे, तिचा नवरा उपासनेत उभा राहून आधी एकटा धरायचा, मग मंडळी मागून घ्यायची. ते अजून तिला गाता येत नाही. रविवारी ते लागलं की ती सगळ्यांबरोबर उभी राहते, ओठ मिटलेले. शेजारी आत्याबाई असतात. चाल सोडून, दम लागत, पण मोठ्यानं, त्या दोघींच्या वाटणीचं गातात.